मेंढरांच्या सोबतीनं शाळेत

मला तोंड आहे, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. लग्न होऊन आले तेव्हा महिन्याभरातच सासूनं चारचौघींत सांगून टाकलं होतं, "सून कामाला चांगली हाय, पण बोलाय लागली की थांबत न्हाई." तिचं काही खोटं नव्हतं. पण ज्या एका बैठकीत मी गप्प बसायला पाहिजे होतं, तिथंच माझं तोंड सगळ्यात मोठ्यानं चाललं. त्याचंच सांगायचं आहे. आता झाकून ठेवून तरी काय करू?

गाव आमचं हिंगोलीहून कळमनुरीकडं जाणाऱ्या रस्त्यावर. रस्ता गावाच्या मधून जातो. घरं आणि हापसा इकडं, शाळा तिकडं. मी नवी आले तेव्हा रस्ता इतका अरुंद होता की समोरून बैलगाडी आली तर एस.टी.ला खाली मातीत उतरावं लागायचं, आणि मग ड्रायव्हर आणि गाडीवान दोघं खाली उतरून एकमेकांच्या आया-बहिणी काढायचे. मग हिंगोली जिल्हा झाला. सगळ्यांना आनंद. कचेऱ्या आल्या, साहेब लोकांच्या गाड्या आल्या, हळदीचे ट्रक वाढले. रस्ता रुंद झाला, कडेची लिंबाची झाडं गेली, वरून काळंभोर डांबर पडलं. आम्ही बायका संध्याकाळी मुद्दाम चपला काढून त्याच्यावर चालून बघायचो. इतका गुळगुळीत रस्ता कुणी पायाखाली घेतला नव्हता. त्या गुळगुळीतपणाचा अर्थ काय ते आम्हाला पुढं कळलं.

आमचं घर रस्त्याला लागूनच. ओट्यावर माझं शिलाई मशीन. शाळेचे गणवेश मीच शिवायची. सासरे मेंढरं राखायचे, साठ-सत्तर मेंढरं होती तेव्हा. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. माझा नवरा त्यांच्याबरोबर रानात. सासू तोवर गेली होती. आणि आम्हाला एकच लेक, तेव्हा पहिलीत. ओट्यावरून शाळेचं फाटक दिसायचं. मशीनवर बसून हाक मारली तर तिला वर्गात ऐकू जाईल, इतकं जवळ. मधे तेवढा रस्ता.

शाळेत खिचडी शिजवणारी एक बाई होती. हाप्शावरून पाण्याची घागर डोक्यावर घेऊन रोज पलीकडं जायची. डोक्यावर घागर असली की मान वळत नाही. एक ट्रक आला आणि घागर कुठल्या कुठं, बाई कुठल्या कुठं. ट्रकवाला थांबला नाही. मी ओट्यावरच होते. माझी लेक माझ्या मांडीला टेकून उभी होती, तिनं ते सगळं पाहिलं.

तेव्हापासून पोरीनं रस्त्याचा धसका घेतला. लांबून ट्रकचा आवाज आला तरी जागच्या जागी उभी राहायची आणि डोळे गच्च मिटून घ्यायची. किती समजावलं, किती चापट्या मारल्या. "अगं, डोळे मिटल्यावर ट्रक दिसंल का तुला?" ती म्हणायची, "दिसू नये म्हणूनच मिटते, माय." मग मीच तिला काखेत मारून दिवसातून चार वेळा पलीकडं नेऊन सोडायची आणि आणायची. शिलाई अर्धवट पडायची, गणवेशाला उशीर झाला की बायका दारात भांडायला यायच्या. एवढंच होतं माझं मागणं, की माझ्या पोरीला हा रस्ता सुखरूप ओलांडता यावा. दुसरं मी देवाजवळ सुद्धा काही मागत नव्हते.

गावानं अर्जफाटे केले आणि एक तरुण साहेब तालुक्याहून आला. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली, गाव जमलं. साहेबानं मोठा कागद पसरला. त्याच्यावर आमचा रस्ता काढलेला, शाळा काढलेली, माझं घर सुद्धा एक चौकोन करून दाखवलेलं. पोरगा साधा होता. म्हणाला, "तीन मार्ग आहेत. वरून कुणी काही लादणार नाही. गावानं विचार करून एक सांगायचा, तसं मी वर लिहून पाठवतो."

पहिला मार्ग, रस्त्याखालची मोरी साफ करून तिच्यातून लेकरांनी जायचं. साहेबानं हे म्हटलं तशा मागं बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्या मोरीत सकाळी कोण कोण बसतं, हे त्या बिचाऱ्याला कसं सांगावं? शेवटी मोठ्या गुरुजींनी त्याच्या कानात सांगितलं, तेव्हा त्याचे कान लाल झाले. आणि पावसाळ्यात तिथं कमरेइतकं पाणी असायचं ते वेगळंच.

दुसरा, कडेला लोखंडी कठडे घालायचे, शाळेचं फाटक मागल्या बाजूला काढायचं आणि खालच्या पुलाकडून वाट आणायची. ती वाट एका मोठ्या शेतकऱ्याच्या शेतातून जात होती. तो उठून उभाच राहिला. "माझ्या हळदीतून वाट? बांधावर पाय तर ठेवून बघा कुणी." झालं, दुसरा मार्गही बसला.

तिसरा, ब्रेकर. शाळेच्या अलीकडं एक, पलीकडं एक, वर पांढरे पट्टे आणि पाटी. एक ब्रेकर बराबर माझ्या ओट्यासमोर येत होता. यावर मात्र सगळे बोलले. कुणी म्हणालं, हळदीच्या भरलेल्या ट्रॉल्या उलटतील. कुणी म्हणालं, बाळंतिणीला दवाखान्यात नेताना ब्रेकरवरच बाळंत करायची का? कुणी म्हणालं, गाडी हळू झाली की मागून पोती ओढणारे येतील आणि नाव आपल्या गावाचं होईल.

शाळेच्या फाटकाला लागून सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळं गाव चाचा म्हणायचं. पंक्चर काढता काढता तो दिवसभर रस्ताच बघत असायचा. तो म्हणाला, "साब, ब्रेकर डालो. मैं रोज देखता हूँ. ये गाड्या ब्रेकरशिवाय ऐकणार न्हाईत."

तेवढ्यात मामा बोलले. मामा सतरंजीवर नव्हते. बैठकीला चपला काढून ठेवतात तिथं, कडेला आमचे मेंढरंवाले लोक उकिडवे बसायचे. बोलावलं तर बोलायचे, आणि बोलावत कुणी नव्हतं. त्या दिवशी न बोलावता म्हणाले, "मेंढरं पाहून समदे ट्रक थांबतेत."

दोन-तीन जण हसले. मामा म्हणाले, "हसू नका. खरं सांगून राहिलो. माणूस मेला तर डायवर पळून जातो. मेंढरू मेलं तर पळता येत न्हाई. आमी आडवे बसतो, बाकीची मेंढरं चाकापुढं बसवतो, भरपाई घेतल्याबिगर ट्रक हलू देत न्हाई. हे समद्या डायवर लोकायला ठावं हाय. मी सकाळी मेंढरं शाळेकडून रानात नेतो, सांजच्याला आणतो. लेकरं मेंढरात घालून नेईन. शाळेच्या घंटेला नेईन, सुटायच्या घंटेला आणीन. कुणाची तकलीफ न्हाई."

मग सरपंच म्हणाले, "बाबा, तुमी इकडं येऊन बसा." आणि मामा उठून सतरंजीवर, साहेबाच्या शेजारी जाऊन बसले. धोतर सावरून, अंग चोरून बसले. मला काय झालं म्हणून सांगू! ऊर भरून आला. या घरात आल्यापासून मेंढराचा वास येतो म्हणून माझ्या ओट्यावर न बसणाऱ्या बायका माझ्याकडं वळून बघत होत्या.

चाचा मान हलवत होता. "बेटी, जानवर जित्ता है," तो माझ्याकडं बघूनच म्हणाला. "आज इथं आहे, उद्या चाऱ्याला कुठं जाईल. ब्रेकर कुठं जात न्हाई."

आणि मी उठले. "काहून? आमची मेंढरं पळून जाणार हायेत का? माझी सोताची लेक जाणार हाय त्यात. माझ्यापरीस जास्त काळजी हाय का तुमाला? ब्रेकर घालून ट्रॉल्या उलटल्या की कोण भरून देईल? आमचा मामा दोन येळा रस्ता बंद करून दाखवंल, एक दगड न लावता!" अजूनही पुष्कळ बोलले. टाळ्या पडल्या. खरं कारण सांगते. मामा सतरंजीवर बसले होते, ते मला तिथंच बसलेले पाहिजे होते. आणि ओट्यासमोर ब्रेकर आला तर ट्रकच्या धुरानं माझं पांढरं कापड काळं होईल, हेही मनात होतं. साहेबानं हात वर करायला सांगितले. ब्रेकर नको म्हणून पहिला हात माझा होता.

आणि चांगलं चाललं, हेच तर वाईट आहे. मामा पुढं काठी आडवी धरून, माझा नवरा मागं, मधे मेंढरं आणि मेंढरांच्या मधे लेकरं. मामा "हुर्र, हुर्र" करत रस्त्यावर उतरले की दोन्हीकडचे ट्रक थांबायचे. हॉर्न वाजवायचे, शिव्या द्यायचे, पण थांबायचे. पोरांना तर मजाच. प्रत्येकानं आपापली मेंढी ठरवली होती. माझी लेक एका म्हाताऱ्या, मंद मेंढीच्या पाठीवरची लोकर मुठीत धरायची.

पहिल्या दिवशी तिनं पुन्हा डोळे मिटले होते. मी खाली बसून तिचा चेहरा धरला आणि सांगितलं, "ट्रककडं बघूच नको. खाली मेंढीकडं बघ. मेंढी चालली की चालायचं, थांबली की थांबायचं. इकडं न्हाई, तिकडं न्हाई. ऐकू आलं?" तिनं मान हलवली. तेवढं एक तिनं माझं अगदी तंतोतंत ऐकलं. आठवडाभरात भीती गेली. गाणी म्हणत जायची. मी मशीनवरून बघायची आणि मला वाटायचं, काय अक्कल आहे माझी!

एकदा एक मोठे साहेब गाडीतून चालले होते, मेंढरांपायी थांबले. खाली उतरून मामांना शाबासकी दिली. कुणी तरी ब्रेकरचा विषय काढला तर म्हणाले, "गावानं स्वतःच इतकी सुंदर सोय केली आहे, आता ब्रेकर कशाला?" मामा चार दिवस तेच सांगत फिरले. चाचानं ऐकून घेतलं आणि टायरला हवा भरत राहिला.

दिवाळीनंतर आमची मेंढरं गावात राहत नाहीत. वसमतकडच्या पाण्याच्या भागात जातात, शेतकरी शेतात बसवून घेतात, खताला. पाऊस आला की परत. हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, पण त्या बैठकीत एकानंही तोंडातून काढलं नाही. मीही नाही. पहिल्या वर्षी मामा गेलेच नाहीत. शब्द दिला होता ना गावाला. बाभळीचा पाला, लिंबाचा पाला, मिळेल ते तोडून आणायचे. कोकरं मेली. मोठी मेंढरं इतकी वाळली की पाठीची हाडं दिसायची. मामा पण तसेच वाळले. तरी घंटेला हजर.

दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. दिवाळीपर्यंत रानात काडी नव्हती. एक दिवस मामा ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "पोरी, आता ऱ्हायलो तर एक बी जगत न्हाई. न्यावं लागतंय." माझ्याकडं बघत नव्हते. मी म्हटलं, "जावा मामा. लेकरं मोठी झाली आता. दोन वरसं रस्ता ओलांडून राहिलीत, शिकली असतील."

शिकली असतील! कुणी शिकवलं होतं त्यांना? दोन वर्षं त्या लेकरांनी रस्त्यावर उतरून एकदाही मान वर केली नव्हती. ट्रक किती लांब आहे, किती जोरात येतोय, आपण पोचू का नाही, हे कधी त्यांच्या डोक्यात यायची गरजच पडली नव्हती. आम्ही मोठी माणसं थाटात म्हणत होतो की लेकरं रस्ता ओलांडतात. ओलांडत होती ती मेंढरं.

मेंढरं गेल्यावर पहिले तीन दिवस गुरुजी आणि चाचानं पोरं हाताला धरून आणली. चौथ्या दिवशीही शाळा सुटल्यावर दोघं रस्त्याच्या कडेला उभे होते. लहान पोरांचा एक घोळका ते अलीकडं आणून सोडत होते, माझी लेक फाटकात आपल्या पाळीची वाट बघत उभी होती. तिसरीत होती. तिच्या अंगात मीच शिवलेला गणवेश होता, वाढत्या अंगाचा म्हणून जरा मोठा.

तेवढ्यात शेजारच्या आळीतल्या बाईच्या शेळ्या रानातून परत आल्या. पाच-सहाच शेळ्या. बाई मागं होती. शेळ्या रस्त्यावर उतरल्या आणि माझी लेक फाटकातून निघाली. तिला वाटलं असेल, आली सोबत. मी ओट्यावरून बघत होते. तिनं मान खाली घातली, हात पुढं केला आणि एका काळ्या शेळीच्या पाठीवर ठेवायला गेली.

मेंढरं एकीच्या मागं एक जातात, मधेच वळत नाहीत. शेळीचं तसं नसतं. शेळीला ट्रक दिसला आणि ती टुणकन उडी मारून मागं फिरली. सगळ्या शेळ्या मागं फिरल्या. माझी लेक नाही फिरली. ती मान खाली घालून, हात तसाच पुढं धरून चालत राहिली. मी ओरडले. चाचा पळाला. ट्रकच्या हॉर्नात माझा आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. तिनं एकदाही वर बघितलं नाही.

शेळ्या सगळ्या वाचल्या.

पुढचं मला सलग आठवत नाही. लोकांनी ट्रक अडवला, काचा फोडल्या म्हणतात. मला आठवतं ते एवढंच, की चाचा रस्त्यात मांडी घालून बसला होता आणि तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून तिच्या तोंडावर ठेवली होती. मी ती टोपी काढायला लागले तर त्यानं माझा हात धरला. "मत देख, बेटी," म्हणाला. मी त्याला चावले. आजही त्याच्या मनगटाकडं बघायला मला लाज वाटते.

मामा वसमतकडून रातोरात आले, मेंढरं नवऱ्याच्या भरवशावर टाकून. नवरा दुसऱ्या दिवशी आला. मामा दारात बसले आणि म्हणाले, "मी नेली म्हणून झालं." मी त्यांना नाही म्हणायला पाहिजे होतं. तेवढं माझ्या तोंडातून निघालं नाही. वर्षभर मी त्या माणसापुढं माझ्या हातानं ताट ठेवलं नाही. ताट करून चुलीजवळ ठेवायची आणि बाहेर निघून जायची. ते उचलून घेऊन जेवायचे, धुऊन ठेवायचे. कुणावर तरी राग काढायचा होता, आणि स्वतःवर काढला असता तर मी विहिरीतच गेले असते. बैठकीत ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ते सगळे भेटायला आले. एकानंही बैठकीचं नाव काढलं नाही. चाचा तर तेव्हाच बोलला होता, पण तोही कधी म्हणाला नाही की बघ, मी सांगितलं होतं. म्हणाला असता तर बरं झालं असतं. मी भांडले तरी असते.

महिन्याच्या आत ब्रेकर झाले. या वेळी बैठक नाही, कागद नाही, हात वर करणं नाही. एका सकाळी माणसं आली, डांबर ओतलं, दुपारनंतर पांढरे पट्टे मारले आणि संध्याकाळी निघून गेली. एवढ्याशा कामाला एक दिवस लागला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. शाळा बंद. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी ओट्यावर नुसती बसले होते, मशीनला हात लावत नव्हते तेव्हा. नांदेडच्या अंगानं एक भरलेला ट्रक जोरात आला. मला वाटलं, जाणार हा तसाच. पण त्यानं पट्टे बघितले आणि वेग कमी केला. पुढची चाकं हळूच चढली, हळूच उतरली. समोर लेकरू नव्हतं, मेंढरू नव्हतं, थांब म्हणणारं कुणी नव्हतं. तरी तो आपला हळू झाला.

माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी ओट्यावरून उतरून पळत गेले आणि ट्रकच्या दारावर दोन्ही हातांनी बडवायला लागले. जन्मात दिल्या नसतील इतक्या शिव्या त्या माणसाला दिल्या. त्यानं ट्रक थांबवला आणि घाबरून खाली वाकून बघितलं. माझ्या वयाचाच असेल. म्हणाला, "क्या हुआ, बाई? धीरेच तो जा रहा हूँ."

खरंच हळू चालला होता तो. एखादी पोर मान खाली घालून, रमत रमत पलीकडं पोचली असती, इतका हळू.